धातु व आम्ल यांचा जमाखर्च

जमाखर्चाची वही ज्यास ठाऊक आहे, त्यास रसायनशास्त्रांतील समीकरण समजावयास कठीण जाऊं नये. वहीच्या एका पानावर जें आलें तें लिहावयाचें, दुसऱ्या पानावर जें गेलें व जें उरलें तें लिहावयाचें, आणि शेवटीं दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली म्हणजे हिशेब बरोबर. धातूवर आम्ल ओतलें असतां जें घडतें त्याचाहि असाच हिशेब मांडतां येतो. हा विषय शाळेच्या परीक्षेपुरता आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु वसई-विरारच्या बाजूस राहणाऱ्या आपल्या वाचकांस त्याचें ज्ञान परीक्षेबाहेरहि उपयोगीं पडणारें आहे.

वसई तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ पूर्वीं केळींच्या व पानवेलींच्या बागा, मासेमारी व मिठागरें यांवर चालत असे. आतां त्याच घरांतील तरुण वसईच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरें येथील लहान कारखान्यांत किंवा उत्तरेस बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत कामास जातात. लोखंडाची तार आम्लांत बुडवून तिचा गंज काढणें, पितळेचे भाग तेजाबांत बुचकळून उजळणें, मुलामा चढविण्यापूर्वीं धातु स्वच्छ करणें, हीं कामें अशा धंद्यांत नित्याचीं आहेत. घरींहि फरशी व मोरी धुण्याकरितां आम्लाची बाटली ठेवलेली असते. त्या पिंपांत किंवा बाटलींत काय घडतें, कोणता वायु निघतो, तो किती निघतो, हें ज्यास मोजतां येतें तो सावध राहतो. ज्यास येत नाहीं तो नशिबावर हवाला ठेवतो.

मूळ नियम

हेन्री कॅव्हेंडिश नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १७६६ सालीं जस्त, लोखंड व कथील यांवर आम्लें ओतून निघणाऱ्या वायूची परीक्षा केली. तो वायु हवेपेक्षां पुष्कळ हलका असून ज्योत लावतांच पेट घेतो, असें त्यास आढळलें. त्यासच जुन्या मराठी पुस्तकांत उज्जवायु म्हणत, व हल्लीं शाळेंत हायड्रोजन म्हणतात. पुढें १७८९ सालीं फ्रान्समधील लाव्हाझिये ह्यानें आपल्या ग्रंथांत स्पष्ट सांगितलें कीं, रासायनिक क्रियेंत कांहीं नवें निर्माण होत नाहीं व कांहीं नाहींसेंहि होत नाहीं. क्रियेपूर्वीं जितकें वजन, तितकेंच क्रियेनंतर. समीकरणाचा सर्व आधार हाच आहे. धातु आम्लांत विरघळून दिसेनासा झाला तरी त्याचा एकहि अणु नष्ट झालेला नसतो. त्यानें केवळ जागा व सोबती बदललेले असतात.

ह्या पाठापुरत्या खुणा

शाळेंत मुलें रोमन अक्षरांच्या खुणा वापरतात. ज्यांस तीं अक्षरें येत नाहींत त्यांच्या सोयीसाठीं येथें आपण आपल्याच लिपींतील खुणा योजूं. उज्जवायु म्हणजे "उ", प्राणवायु "प्र", क्लोरीन "क्लो", गंधक "ग", नत्रवायु "न", जस्त "ज", लोखंड "लो", ॲल्युमिनियम "ॲ", तांबें "तां". खुणेच्या मागून येणारा आंकडा त्या एकाच पदार्थाचे अणु सांगतो; म्हणून "उ२" म्हणजे उज्जवायूचे दोन अणु एकत्र जुळून झालेला एक रेणु. खुणेच्या आधीं लिहिलेला आंकडा सबंध रेणूंची संख्या सांगतो. म्हणून "३ उ२" म्हणजे तसे तीन रेणु, अर्थात् सहा अणु.

आम्लें आपण तीन घेऊं. पहिलें लवणाम्ल, "उक्लो". त्याचें नांवच सांगतें कीं तें मिठापासून होतें. नायगांव-जूचंद्रच्या मिठागरांत जें मीठ पिकतें, त्याच जातीच्या मिठावर गंधकाम्ल ओतून तापविलें असतां हें आम्ल वायुरूपानें निघतें व पाण्यांत विरतें. दुसरें गंधकाम्ल, "उ२गप्र४". तिसरें नत्राम्ल, "उनप्र३". ह्यासच सोनार तेजाब म्हणतात.

पहिला हिशेब: जस्त व लवणाम्ल

जस्ताचा तुकडा पातळ केलेल्या लवणाम्लांत टाकला कीं बुडबुडे येऊं लागतात. तो उज्जवायु होय. मागें पाण्यांत जस्ताचा क्षार राहतो. त्याची खूण "जक्लो२". प्रथम हिशेब न जुळवितां केवळ नांवें मांडूं:

ज + उक्लो → जक्लो२ + उ२

आतां मोजा. उजवीकडे क्लोरीनचे दोन अणु आहेत, डावीकडे एकच. उजवीकडे उज्जवायूचे दोन, डावीकडे एक. जमेस एक व खर्चीं दोन, असें होणें शक्य नाहीं. म्हणून आम्लाचे दोन रेणु घ्यावे:

ज + २ उक्लो = जक्लो२ + उ२

दोन्ही बाजूंस जस्त एक, उज्ज दोन, क्लोरीन दोन. हिशेब जुळला.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. पुष्कळ विद्यार्थी हिशेब जुळविण्याच्या घाईंत मागचा लहान आंकडा बदलतात. "जक्लो२" च्या जागीं "जक्लो" लिहून मोकळे होतात. हें खोट्या जमाखर्चासारखें आहे. मागचा आंकडा त्या पदार्थाचें स्वरूप आहे. तो बदलला कीं पदार्थच बदलला. पाणी "उ२प्र" आहे. त्यास "उ२प्र२" केलें तर तें पाणी राहत नाहीं, जखमेवर लावावयाचें हायड्रोजन पेरॉक्साइड होतें. म्हणून बदल करावयाचा तो नेहमीं पुढच्या आंकड्यांत, मागच्यांत कदापि नाहीं.

वजनानेंहि ताळा पाहतां येतो. उज्जवायूच्या अणूचें वजन १ धरलें तर क्लोरीनचें ३५.५ व जस्ताचें सुमारें ६५ येतें. मग ६५ ग्रॅम जस्तास ७३ ग्रॅम शुद्ध लवणाम्ल लागतें. एकूण १३८ ग्रॅम. त्यांतून १३६ ग्रॅम क्षार व २ ग्रॅम उज्जवायु निघतो. एकूण पुन्हां १३८.

दुसरा हिशेब: लोखंड व ॲल्युमिनियम

प्रत्येक धातूचा अणु आम्लाशीं ठरावीक हातांनींच हात मिळवितो. जस्तास दोन हात आहेत. ॲल्युमिनियमास तीन आहेत. लोखंड कधीं दोन, कधीं तीन हात दाखवितें. परंतु लवणाम्लांत किंवा पातळ गंधकाम्लांत विरघळतांना तें दोनच हात देतें. म्हणून

लो + २ उक्लो = लोक्लो२ + उ२
लो + उ२गप्र४ = लोगप्र४ + उ२

दुसऱ्या समीकरणांत कांहींच वाढवावें लागलें नाहीं. आम्लाच्या एकाच रेणूंत उज्जवायूचे दोन अणु आहेत.

ॲल्युमिनियमाचा हिशेब थोडा अधिक विचाराचा आहे. त्याचा क्षार "ॲक्लो३". उजवीकडे क्लोरीन तिहींच्या पटींत येतो, आणि उज्जवायु दोहोंच्या पटींत. दोघांसहि सामावून घेणारी सर्वांत लहान संख्या सहा. म्हणून आम्लाचे सहा रेणु घ्यावे. त्यांतून क्षाराचे दोन व उज्जवायूचे तीन रेणु होतात:

२ ॲ + ६ उक्लो = २ ॲक्लो३ + ३ उ२

हे आंकडे कागदावरचे खेळ नव्हेत. आपल्याकडील नेहमींच्या उष्णमानांत २ ग्रॅम उज्जवायु सुमारें २४ लिटर जागा व्यापतो. लोखंडाचें अणुभारमान ५६, म्हणून ५६ ग्रॅम लोखंडापासून २४ लिटर वायु; अर्थात् एक किलो लोखंडापासून सुमारें ४३० लिटर. ॲल्युमिनियमाचें अणुभारमान २७. दोन अणूंचे ५४ ग्रॅम, आणि त्यांतून तीन रेणूंचा ७२ लिटर वायु. अर्थात् एका किलोपासून सुमारें १,३३० लिटर. सारख्याच वजनाच्या ॲल्युमिनियमापासून लोखंडाच्या तिपटीहून अधिक वायु निघतो.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोलींत सुमारें २८,३०० लिटर हवा मावते. हवेंत शंभरांत चार भाग उज्जवायु मिसळला कीं तें मिश्रण पेट घेऊं शकतें. ह्या खोलीचे शंभरांत चार भाग म्हणजे सुमारें १,१३० लिटर. म्हणजे दारें-खिडक्या लावलेल्या खोलींत एक किलो ॲल्युमिनियमाचा भुगा आम्लांत पडला तर सबंध खोलीची हवा धोक्याची होण्यास तेवढें पुरें आहे. शिवाय हा वायु हलका असल्यानें आधीं छताखालीं सांठतो, व तेथें दिव्याच्या बटणाची ठिणगीहि घात करते. झांकण लावलेल्या पिंपांत तर मूठभर धातु पुष्कळ झाला. ॲल्युमिनियमावर त्याचा व प्राणवायूचा संयोग होऊन झालेला पातळ थर असतो. तो विरघळेपर्यंत आम्ल शांत दिसतें, आणि मग क्रिया एकाएकीं उसळते. "कांहीं होत नाहीं" असें पाहून आणखी आम्ल ओतणारा माणूस ह्यामुळेंच भाजतो.

जे धातु उज्जवायु देत नाहींत

सर्व धातु सारखे नाहींत. ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसें, मग उज्जवायूचें स्थान, आणि त्याच्याहि पलीकडे तांबें, रुपें व सोनें, असा त्यांचा क्रम आहे. उज्जवायूच्या अलीकडचे धातु त्यास आम्लांतून हुसकून लावतात. पलीकडच्यांस तें सामर्थ्य नाहीं. तांब्याचा तुकडा पातळ लवणाम्लांत टाकला तर बुडबुडा उठत नाहीं. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हां दगडी पेटींत तांब्याचा करंडक, त्याच्या आंत रुप्याचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, व सर्वांच्या आंत सोन्याचा असे करंडक निघाले. तांबें बाहेर, रुपें आंत, सोनें सर्वांत आंत. आम्लास न जुमानण्याचा धातूंचा क्रमहि नेमका हाच आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतल्यावर तेथील घंटा देशावर गेल्या, व नाशिकास नारोशंकराच्या देवळावर आणि वाईजवळ मेणवलीस त्या आजहि पाहावयास मिळतात. घंटेच्या कांशांत तांबें सुमारें चार भाग व कथील एक भाग असतें. लोखंडाची वस्तु इतकीं वर्षें कोंकणच्या किंवा घाटावरच्या पावसांत उघडी राहिली असती तर तिची माती झाली असती.

तर मग पितळेच्या भांड्यांत आंबट आमटी राहिली असतां ती कळकते कां? तांबें एकटें आम्लास दाद देत नाहीं हें खरें. परंतु हवेंतील प्राणवायु साह्यास आला कीं तें विरघळतें. लवणाम्ल घेऊन हिशेब मांडूं:

तां + प्र२ + उक्लो → तांक्लो२ + उ२प्र

प्राणवायूचे दोन अणु डावीकडे. म्हणून उजवीकडे पाणी दोन रेणु. दोन पाण्यांत उज्ज चार. म्हणून डावीकडे आम्ल चार रेणु. चार आम्लांत क्लोरीन चार. म्हणून क्षार दोन रेणु, आणि त्यासाठीं तांबें दोन:

२ तां + प्र२ + ४ उक्लो = २ तांक्लो२ + २ उ२प्र

येथें उज्जवायु मुळींच निघाला नाहीं. त्याचें पाणी झालें. चिंच, कोकम किंवा ताक यांतील आम्लें सौम्य असलीं तरी रात्रभरांत हेंच करतात, आणि तांब्याचा क्षार अन्नांत उतरून मळमळ व वांति होते. भांड्यास कल्हई असली म्हणजे अन्न व तांबें यांची भेटच होत नाहीं. मात्र कल्हई शुद्ध कथलाची असावी. शिशाची भेसळ असलेली कल्हई तांब्याहूनहि घातक आहे. त्याच चिंचेनें आपण पितळी भांडें घांसतों तेव्हां तें उजळतें, कारण ती वरचा काळा थर विरघळविते. खालच्या धातूस त्या थोड्या वेळांत फारसें खात नाहीं.

तिसरा हिशेब: तांबें व तेजाब

तेजाबाची गोष्ट निराळी. त्याच्याजवळ स्वतःचाच प्राणवायु भरपूर आहे. हवेची वाट पाहावी लागत नाहीं. तांब्यावर कडक तेजाब पडतांच तें उसळतें, पाणी हिरवें-निळें होतें व तांबूस-तपकिरी धूर निघतो. हा धूर "नप्र२". उज्जवायु येथेंहि निघत नाहीं. मांडणी अशी:

तां + उनप्र३ → तां(नप्र३)२ + नप्र२ + उ२प्र

हा हिशेब नुसत्या नजरेनें जुळत नाहीं. म्हणून बीजगणिताचें साह्य घेऊं. तांबें एक धरा. मग क्षारहि एक, व त्यांत नत्राचे दोन अणु. धुराचे रेणु "क" माना. नत्र केवळ आम्लांतूनच येतो, म्हणून आम्लाचे रेणु क + २. उज्ज सगळा पाण्यांत जातो, म्हणून पाण्याचे रेणु (क + २) ÷ २. आतां प्राणवायूचा ताळा पाहा. डावीकडे ३ × (क + २), म्हणजे ३क + ६. उजवीकडे क्षारांत ६, धुरांत २क, व पाण्यांत (क + २) ÷ २. दोन्ही बाजूंतून ६ व २क वजा केले तर डावीकडे क उरतो व उजवीकडे (क + २) ÷ २. म्हणजे २क = क + २, अर्थात् क = २. म्हणून आम्ल चार, धूर दोन, पाणी दोन:

तां + ४ उनप्र३ = तां(नप्र३)२ + २ नप्र२ + २ उ२प्र

आतां ह्या "२" आंकड्याचा अर्थ पाहा. ६३.५ ग्रॅम तांब्यापासून धुराचे ४८ लिटर होतात. म्हणून एका ग्रॅमपासून सुमारें पाऊण लिटर. वर सांगितलेल्या दहा फुटी खोलींत तो पसरला तर हवेच्या दहा लाख भागांत सुमारें २७ भाग धूर होतो. दहा लाखांत वीस भाग हें प्रमाणहि जिवास तत्काळ धोक्याचें मानतात. एक ग्रॅम तांबें म्हणजे किती? तारेचा एक लहानसा तुकडा! पितळेंत तर अर्ध्याहून अधिक तांबेंच असतें, व त्यांतील जस्तहि तेजाबास धूर देतें.

ह्या धुराचा दगा असा कीं, तो हुंगल्यावर थोडा खोकला येऊन माणूस बरा झालासा वाटतो, घरीं जातो, जेवतो व निजतो. आणि कांहीं तासांनीं फुप्फुसांत पाणी भरून त्यास श्वास घेतां येईनासा होतो. म्हणून असा धूर ज्याच्या छातींत गेला असेल त्यानें बरें वाटत असलें तरी त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें, कोणतें आम्ल व कोणता धातु होता हें सांगावें, आणि निदान एक दिवस देखरेखीखालीं राहावें. ह्या एका गोष्टीच्या अज्ञानानें धडधाकट तरुण रात्रींतून दगावूं शकतो.

वर्तनाचे नियम

हिशेबावरून निघणारे नियम थोडे आहेत, व ते घरोघरीं ठाऊक असावे. आम्ल धातूच्या डब्यांत किंवा बादलींत कधीं ठेवूं नये. आम्ल व धातु एकत्र असलेल्या भांड्याचें झांकण घट्ट लावूं नये. काम उघड्यावर किंवा बाहेर हवा टाकणाऱ्या पंख्याजवळ करावें. तेथें विडी, काडी किंवा चूल नसावी. आम्ल पातळ करतांना पाण्यांत आम्ल हळूहळू ओतावें, आम्लांत पाणी ओतूं नये. डोळ्यांत थेंब उडाल्यास ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्यानें निदान पाव तास डोळे धुवावे, व मग दवाखाना गांठावा. पिंपांत कोणतें आम्ल आहे हें मालकास विचारण्यांत कामगारास कमीपणा नाहीं. न सांगणाऱ्यास मात्र आहे. आणि ह्या पाठांतील क्रिया मुलांनीं घरीं करून पाहूं नयेत. शाळेच्या प्रयोगशाळेंत, गुरुजींच्या समक्षच पाहाव्या.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. ॲल्युमिनियम व पातळ गंधकाम्ल यांचें समीकरण जुळवा. क्षाराची खूण "ॲ२(गप्र४)३" आहे.

२. पातळ तेजाबांत तांबें विरघळतांना तपकिरी धुराऐवजीं "नप्र" हा रंगहीन वायु निघतो. वरील बीजगणिताच्या रीतीनें समीकरण जुळवा.

३. १७८३ च्या ऑगस्ट महिन्यांत पॅरिस येथें उज्जवायूनें भरलेला पहिला मोठा फुगा उडविण्यांत आला. त्यासाठीं सुमारें अर्धा टन लोखंडावर सुमारें पाव टन गंधकाम्ल ओतलें होतें. सर्व आम्ल शुद्ध होतें असें धरल्यास किती लोखंड विरघळेल, व किती वायु निघेल?

उत्तरें

१. २ ॲ + ३ उ२गप्र४ = ॲ२(गप्र४)३ + ३ उ२.

२. ३ तां + ८ उनप्र३ = ३ तां(नप्र३)२ + २ नप्र + ४ उ२प्र. रीतीनें "क" दोन-तृतीयांश येतो. अपूर्णांक टाळण्यासाठीं सर्व आंकड्यांस तिहींनीं गुणावें.

३. ९८ ग्रॅम आम्लास ५६ ग्रॅम लोखंड लागतें. म्हणून २५० किलो आम्लास सुमारें १४३ किलो. बाकीचें लोखंड तसेंच राहील, कारण आम्ल आधीं संपलें. वायु सुमारें ५ किलो, म्हणजे सुमारें ६१,००० लिटर. प्रत्यक्ष फुग्यांत सुमारें ३५,००० लिटरच मावत होता. आम्लांतील पाणी व वाटेंत गळालेला वायु धरला म्हणजे त्या लोकांनीं एवढें साहित्य कां घेतलें हें समजतें. दोन वस्तूंपैकीं जी आधीं संपते तीच क्रियेची मर्यादा ठरविते, हा धडा ह्या हिशेबांतून घ्यावा.

ज्या घरांत दहावींतील मूल आहे, तेथें त्यानें हे तीन प्रश्न पाटीवर सोडवावे, व कामावरून परतलेल्या वडील भावानें ते ताडून पाहावे. दोघांसहि त्यापासून लाभ आहे.